सातवी पेटी

बसा जरा जवळ. हा दिवा तुमच्या बाजूला सरकवते. मला हे मोठ्यानं सांगायचं नाही, कारण बागेकडचं दार उघडं आहे, आणि बागेत ऐकणारे आहेत.

त्या दुपारी मी फक्त मोजे वाळत घालायला गेले होते. माझ्या नवऱ्याचे, लेनचे, दोन जोड, माझा एक. दोरीवर अडकवायचे आणि परत यायचं, एवढंच काम.

पण आधी आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. मागच्या नोव्हेंबरात लेनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आत डॉक्टर त्याची छाती उघडत होते आणि मी इस्पितळातल्या छोट्या प्रार्थनेच्या खोलीत गुडघे टेकून बसले होते. तिथे मी नवस बोलले. म्हटलं, देवा, हा माणूस पुन्हा सायकलवर बसू दे. मग लग्नानंतर आम्ही ज्या वाटेनं सायकली हाकल्या होत्या, त्याच वाटेनं मी याला घेऊन जाईन. वाटेतल्या प्रत्येक चर्चमध्ये गुडघे टेकीन. आणि त्या आठवड्यात वाटेवर मला कुणीही काही मागो, मी नाही म्हणणार नाही. हे शेवटचं मी का बोलले, देव जाणे. नुसते गुडघे टेकणं फार स्वस्त वाटलं असावं.

देवानं ऐकलं. जूनमध्ये आम्ही निघालो. एकोणचाळीस वर्षांनी पुन्हा हेरफर्डशर परगण्यातल्या त्या वाटा, दोन्हीकडे कुंपणं इतकी उंच की आपण हिरव्या बोळातून चाललोय असं वाटावं. मधेच एखादं फाटक यायचं आणि पलीकडे सगळी दरी उघडी पडायची. आमच्याबरोबर वाटाड्या नव्हता, घाईही नव्हती. सहल ठरवून देणाऱ्यांनी एक नकाशा हातात दिला होता. सकाळी बॅगा दारात ठेवायच्या, त्या गाडीनं पुढच्या मुक्कामी जायच्या, आणि आपण दिवसभरात पंधरा मैल हवं तसं रमतगमत जायचं. उतार लागला की लेन पाय पसरून सोडून द्यायचा आणि घंटी वाजवत सुटायचा, चौदा वर्षांच्या पोरासारखा. मी मागून ओरडायची, ब्रेक धर. आतून मात्र फार खूश असायची.

नवसाचं लेनला कळलं तेव्हा त्याला मोठीच करमणूक झाली. पहिल्या दिवशी एका बाईनं मला कुत्रं धरायला सांगितलं आणि ती दुकानात जाऊन अर्धा तास गप्पा मारत बसली. दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये वेदीवरचं कापड इस्त्री करून दिलं. तिसऱ्या दिवशी गावजत्रेत पाद्रीबुवांना मुरंब्याच्या स्पर्धेला परीक्षक मिळेना, तर मी एकोणीस बरण्या चाखल्या. लेन तिथल्या लोकांना सांगत सुटला, "हिच्याकडे सायकल मागून बघा. देऊन टाकेल, आणि वर तुमचेच आभार मानेल."

चौथ्या दिवशी आमचा मुक्काम प्रीस कुटुंबाच्या शेतघरात होता. सफरचंदाच्या बागेत लाल विटांचं जुनं घर. ते चालवणारी ग्वेंडा प्रीस, पन्नाशीची, विधवा, बोलकी. तिनं आम्हाला चहा दिला, स्कोन म्हणजे चहाबरोबरचे गोड पाव दिले, वर साय वाढताना हात आखडला नाही. मग म्हणाली, चर्चमध्ये फुलं लावायची पाळी आज माझी आहे, तासाभरात येते, दार उघडंच असतं. आणि गेली. लेन सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून, तोंडावर टोपी घेऊन झोपला. मी मोजे धुतले.

चार वाजले असतील. लख्ख ऊन होतं. भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं. दोरी घराच्या मागे, बागेच्या टोकाला होती. मी पहिला मोजा अडकवला आणि माझ्या लक्षात आलं की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांचा आवाज थांबलाय. पानसुद्धा हलत नव्हतं. आणि वास आला. आधी धुराचा, मग मधाचा, आणि त्याच्या खाली ओल्या मातीचा, बटाटे उकरताना येतो तसा.

कुंपणाला लागून मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक म्हातारा उभा होता. गवती हॅट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. पाच दिवस पावसाचा थेंब नव्हता, पण त्याचे बूट चिंब ओले होते.

"बाई," तो हळू म्हणाला, "एक काम कराल का?"

मला मनातल्या मनात हसू आलं. आलं, चौथ्या दिवसाचं काम आलं. मी म्हटलं, करीन की.

"माझ्या माश्यांना सांगायचं राहिलंय."

आमच्या इंग्लंडात खेड्यापाड्यात ही रीत अजून पाळतात. घरातलं माणूस गेलं की माश्यांना जाऊन सांगायचं. घराच्या किल्लीनं पेटीवर तीनदा ठोकायचं, नाव घ्यायचं आणि सांगायचं की तो गेला. माझ्या आजीनं सांगितलेलं मी ऐकलं होतं. म्हणून मला नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. मी विचारलं, कोण गेलं?

"घरचा मालक. एमॉस प्रीस म्हणा."

मी विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगत? त्यानं डोकं हलवलं. म्हणाला, मी सांगून चालत नाही. आज रात्री या छपराखाली झोपणारं माणूस लागतं. मग तो पेट्यांकडे बघत म्हणाला, "या सहा जणींना ठाऊक आहे. ठाऊक असतं, म्हणून तर गप्प होतात. पण कुणी येऊन सांगेपर्यंत त्यांचं तोंड उघडत नाही. आणि फार दिवस कुणी सांगितलं नाही, तर... त्या घरातलं आणखी एक माणूस मागतात."

मी किल्ली शोधू लागले. ग्वेंडाचं दार उघडं, किल्ली कुठे असते ते मला काय माहीत. माझ्या खिशात आमच्या कॉव्हेंट्रीच्या घराची किल्ली होती. मी ती दाखवली. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"चालेल," म्हणाला. "माणूस झोपतो ना त्या घरात?"

मी म्हटलं, हो, माझा नवरा. झाडाखाली घोरतोय बघा.

पहिली पेटी थंडगार होती, त्या उन्हातसुद्धा. कान लावला तर आत काहीच नाही. मी तीनदा ठोकलं आणि म्हटलं, एमॉस प्रीस गेला. वाट बघितली. मग अगदी खोलवरून एक आवाज वर आला, पाण्याला उकळी फुटण्याआधी किटली बोलते तसा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण खरं सांगू, भीतीचा नव्हे. मेलेल्या घरात कुणी दिवा लावावा तसं मला वाटलं. दुसरी, तिसरी, चौथी... प्रत्येक पेटी गप्प, प्रत्येक पेटी ऐकून बोलू लागलेली. सहाव्या पेटीपाशी पोचेपर्यंत सगळी बाग गुणगुणत होती आणि मी आनंदानं रडत होते.

पुढे सातवी होती.

ती आधीपासूनच गुणगुणत होती. मंद, समाधानी, जेवून बसलेल्या माणसासारखी.

"तिला काही सांगू नका," म्हातारा मागून म्हणाला. "ती माझी नाही. तिच्याकडे अजून बातमी नाही."

आता माझी चूक ऐका. आम्हा इंग्रजांना एक खोड असते. चार जणांत बिस्किटांची बशी फिरवली आणि एकाच्या पुढे धरली नाही, तर आम्हाला रात्रभर झोप लागायची नाही. सहाही जणींशी बोलले आणि सातवीला तसंच सोडून कसं जायचं? उद्धटपणा वाटला. तिला वाईट बातमी नको तर नको, निदान ओळख तरी करून द्यावी. मी किल्लीनं तीनदा ठोकलं आणि म्हटलं, "नमस्कार. मी मार्जोरी पेल, आणि तो झाडाखाली माझा नवरा लेन. आम्ही कॉव्हेंट्रीचे. सायकलनं फिरतोय. तो आता अगदी ठणठणीत आहे हो."

आतला आवाज क्षणभर वाढला. ऐकून घेतल्यासारखा.

मी हसत मागे वळले. म्हाताऱ्यानं हॅट काढून छातीशी धरली होती, प्रेतयात्रा जाताना धरतात तशी. "बाई," तो म्हणाला, "हे करायला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं..."

तेवढ्यात लेननं खुर्चीतून हाक मारली, "मार्ज, मोजे विणून मग वाळत घालतेयस की काय?" मी तिकडे बघितलं. पुन्हा वळले तर कुंपणापाशी कुणी नव्हतं. गवतात दोन बुटांचे ओले ठसे होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालले होते.

ग्वेंडा फुलांची टोपली घेऊन परतली ती फाटकातच थांबली. टोपली खाली ठेवली. मग धावत सुटली, पेट्यांपर्यंत. मी मागोमाग गेले. ती पेट्यांवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं सांगितलं. एमॉस तिचा सासरा. दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, ओढा ओलांडताना पडून गेला. ग्वेंडा माश्यांना सांगायला निघाली होती, पण तिच्या नवऱ्यानं, आयव्हरनं, हसून उडवून लावलं. कसल्या जुन्या खुळ्या समजुती, म्हणाला. आठवड्यात पेट्या गप्प झाल्या. उघडून बघितल्या तर रिकाम्या. आणि ते वर्ष संपायच्या आत आयव्हर गेला.

मी तिला म्हाताऱ्याचं सांगितलं. ती घाबरली नाही. तिनं माझा हात हातात घेतला. "हॅट गवती होती ना?" तिनं विचारलं. "कडेला फाटलेली. मी दरवर्षी शिवून द्यायची."

मी म्हटलं, सातही पेट्या पुन्हा बोलायला लागल्या, देवाची कृपा.

"सहा," ती म्हणाली.

मी म्हटलं, सात. ती म्हणाली, मामंजींनी कधी सहाच्या वर पेट्या ठेवल्या नाहीत. मी तिला दाराशी नेलं. संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही दोघींनी बोटांनी मोजल्या. सहा. सातवीच्या जागी गवत चौकोनी दबलेलं होतं, एवढंच.

लेनला मी काही सांगितलं नाही. उरलेले दोन दिवस फार सुखाचे गेले. शेवटच्या चर्चमध्ये गुडघे टेकले, नवस फिटला. त्या दिवशी लेन एक सबंध चढ न उतरता चढला आणि वर जाऊन दोन्ही हात हवेत उंचावून उभा राहिला. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी जायचं नाही.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला बागेत गेले. नासपतीच्या झाडाखाली ती पेटी होती. पांढरी, गुणगुणणारी.

लेनला वाटलं मी आणली. वाढदिवसाची भेट. इतका खूश झाला की मी तोंड उघडलंच नाही. त्यानं जाळी आणली, हातमोजे आणले, पुस्तकं आणली. माश्या त्याला एकदाही चावल्या नाहीत. आणि मी एक नेम धरला. रोज सकाळी, तो उठायच्या आधी जायचं, हातानं हलकेच थोपटायचं आणि सांगायचं, आज लेन बरा आहे. रात्री छान झोपला. काल दोन अंडी खाल्ली. त्या गुणगुणतात, मी आत येऊन चहा ठेवते. जून, जुलै, ऑगस्ट, एक दिवस चुकले नाही. मला वाटतं, चांगली बातमी रोज दिली, तर त्यांना दुसरी कशाला हवी असेल? देव एवढं ऐकत असेलच.

आज सकाळीही गेले. हात पुढे केला. अजून काही बोललेच नव्हते...

पेटी गप्प होती.

दिवसभर मी त्याच्यावरून नजर हलवलेली नाही. छान जेवला. दुपारी थोडा वेळ वाचत बसला. उद्या सकाळी आम्ही पुन्हा निघतोय, तीच वाट, तीच चर्चं. मी नवा नवस बोललेय. आता तो मागच्या शेडमध्ये साखळ्यांना तेल घालतोय, आणि मधूनमधून घंटी वाजवून बघतोय. ऐकलीत? मघापासून मी तुमच्याशी बोलतेय, पण कान तिकडेच आहे. घंटी वाजतेय तोवर ही किल्ली मी त्या पेटीवर ठोकणार नाही. बघा, तिच्यावर अजून त्या पेट्यांचं मेण आहे. किती घासलं तरी जात नाही.

थांबा. जरा ऐकू द्या...