डाव्या सीटचा आवाज

अक्षताने हरिओमला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला त्याचे फक्त पाय दिसले.

बाकीचा हरिओम उसाच्या ट्रॉलीखाली होता. घनसावंगीहून अंबडला येणाऱ्या रस्त्यावर ट्रॉली एका अंगावर बसली होती. मागे जीपा, एसटी, मोटरसायकली यांची रांग, आणि रांगेत दुसरी अक्षताची सतरा वर्षं जुनी पांढरी गाडी. लोक ट्रॉलीतला ऊस ओढून निवांत खात होते. अक्षताला मात्र नुसतं बसणं कधी जमलं नाही. ती उतरली, ट्रॉलीजवळ गेली आणि त्या पायांनाच म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही गाडीचा आवाज शोधून देता का?"

"कसला आवाज?" पाय बोलले.

"पुढून येतो. खड्ड्यात गेली की कट्... कट्. कधी येतो, कधी नाही."

"कधी येत न्हाई?"

आजवर चार मिस्त्रींनी तिला 'कधी येतो' विचारलं होतं. कधी येत नाही, हे विचारणारा हा पहिलाच.

पाय सरकले आणि त्यांच्यामागून एक चेहरा बाहेर आला. तिशीच्या आतला, कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळे उन्हाने बारीक केलेले. "हरिओम. अंबडात जालना रोडला गॅरेज हाय आपलं. उद्या या. आज ही ट्रॉली सोडून उठलो, तर हे लोक उसाच्या जागी मलाच सोलतील."

तिला हसू आलं. रस्ता मोकळा व्हायला आणखी तास गेला. तेवढ्या वेळात तिने ट्रॉलीखाली चारदा वाकून पाहिलं. ती स्वतःला सांगत होती की आपण ट्रॉलीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा कसा बसवतात ते बघतोय.

अक्षता भूकरमापक होती. घनसावंगीच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावोगावी जाऊन शेतं मोजायची, कुणाचा बांध कुठे सरकला ते सांगायची. तिने सांगितलेली हद्द भांडणारे भाऊ-भाऊ मुकाट्याने मान्य करायचे. घरी मात्र तिच्या शब्दाला चार आण्याची किंमत नव्हती. ही गाडी तिने स्वतः पारखून घेतली, तेव्हाच मोठा भाऊ रामकिसन म्हणाला होता, "जुनी गाडी म्हंजे आजारी म्हैस. तुला काय कळतं त्यातलं?" पाच महिन्यांपूर्वी आवाज सुरू झाला. आणि दोनच दिवसांपूर्वी दादा गाडी एकट्याने फिरवून आला आणि म्हणाला, "कुठाय आवाज? आवाज तुझ्या कानात हाय."

ते तिला फार लागलं. रागाच्या भरात ती बोलून गेली, "या रविवारपर्यंत आवाज सापडला नाही, तर गाडी विकून टाकते!"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दादाने लगेच गिऱ्हाईक ठरवलं. गाडी गेली की एसटी न जाणाऱ्या नदीकाठच्या गावांची मोजणी गेली, मग जालन्याला टेबलावर बसून नकाशांच्या नकला काढायच्या. तेही चाललं असतं एक वेळ. पण आज गाडीची पारख चुकली, तर उद्या कुठल्याच निवडीत तिला कुणी विचारणार नव्हतं. आणि दादा सध्या तिच्यासाठी स्थळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती ऑफिस सुटल्यावर गॅरेजवर पोचली. हरिओमने किल्ली घेतली, एकटाच चक्कर मारून आला आणि खाली उतरून गाडीकडे बघत राहिला. मग बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब देऊन एकदम सोडलं. गाडी वर आली आणि थांबली.

"हे कशासाठी?" अक्षताने विचारलं.

"शॉकअप गेलेला असला, तर गाडी तीन-चारदा डुलती. ही एकदाच उठली. म्हंजे शॉकअप बिलकुल ठीक."

मग त्याने जॅक लावून पुढचं चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून. प्रत्येक वेळी ती विचारी "आणि हे?", आणि तो न कंटाळता सांगे. चाक वर-खाली खेळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवं खेळलं तर स्टेअरिंगकडचा टाय रॉड. कुठेच काही खेळत नव्हतं. शेवटी त्याने डाव्या टायरवरून तळहात फिरवला.

"तुम्ही फिरवा."

तिने फिरवला. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा झिजून गुळगुळीत झाली होती.

"काहीतरी हाय," तो म्हणाला. "पण आवाज मला आला न्हाई, मॅडम."

अक्षताचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हालाही वाटतं, की माझ्या कानातच..."

"मला आला न्हाई, एवढंच म्हणलं. न्हाईच असं कुठं म्हणलं?" तो हात पुसत म्हणाला. "दुसरा कुणी शॉकअप बदलून मोकळा झाला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुम्हाला आलाय ना आवाज? मंग तो हाय. मलाच गाठ पडंना झालाय."

पाच महिन्यांत हा पहिला माणूस, ज्याने स्वतः न ऐकता तिचं खरं मानलं. अक्षताला एकदम भरून आलं. ते लपवायला ती म्हणाली, "उद्या वही आणते."

"कसली वही?"

"आवाजाची."

आवाजाची वही खरंच होती. तारीख, रस्ता, वेग, ऊन किती, टायरात हवा किती, सगळं ओळीने. शुक्रवारी तिने ती पुढे केली, तेव्हा हरिओमने आधी हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, मग पँटला पुसले, आणि मगच वही हातात घेतली. अक्षता ते बघत होती. तिच्या वहीला असं कुणी हात लावला नव्हता.

तो बोट ठेवत ठेवत वाचत गेला. अचानक थांबला.

"रविवारी एकदाबी न्हाई?"

"रविवारी मी ऑफिसच्याच रस्त्याने मावशीकडे जाते. तेच खड्डे..."

"मंग रविवारी काय वेगळं असतं?"

ती विचारात पडली. रस्ता तोच, हवा तीच, गाडी तीच, आणि ती तरी वेगळी कुठे होती? "रविवारी... साक्षी नसते!" ती जवळजवळ ओरडलीच. साक्षी ऑफिसातली. रोज डाव्या सीटवर बसायची आणि अंबड ते घनसावंगी होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर बोलायची. बॉम्ब फुटला असता तरी तिला ऐकू आला नसता. आणि जगाचं मोजमाप करणाऱ्या अक्षताने वहीत साक्षीचं वजन तेवढं लिहिलं नव्हतं!

"डाव्या अंगावर वजन पाहिजे," हरिओम म्हणाला. "वहीत लिहिलंय, दादानं एकट्यानं चालवली, मी एकट्यानं चालवली. बाई गिऱ्हाईक म्हणून मी तुम्हाला 'बसा' म्हणलो न्हाई, तुम्हीबी बसला न्हाईत. त्या शरमेपायी आवाज लपून राह्यला." तो जरा घुटमळला. "समोरच्या चहावाल्या कचरूमामाला बसवतो. तुम्ही थांबा इथं."

अक्षताने रस्त्याकडे पाहिलं. चहाच्या टपरीवर दहा माणसं, पलीकडे दादाच्या ओळखीचं खताचं दुकान. अंबड केवढंसं... संध्याकाळपर्यंत बातमी घरी.

"कचरूमामाला तो आवाज ओळखता येईल?" ती म्हणाली. "मी बसते."

ते शहागडच्या रस्त्याला लागले. हवेत हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास होता, ऊन उतरणीला लागलं होतं. तो स्टेअरिंग अगदी अलगद धरून चालवत होता. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला तुकडा आला, डावं चाक खाली गेलं, आणि...

कट्.

दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

"आला!" हरिओम म्हणाला. हरवलेली शेळी सापडावी तसा त्याचा चेहरा फुलला होता.

"आला ना? मी म्हटलं होतं ना?"

"परत घेऊ?"

"घ्या!"

त्याने गाडी वळवून तोच खड्डा पाच वेळा घेतला. हरभऱ्यातला एक म्हातारा कमरेवर हात ठेवून हा प्रकार बघत उभा राहिला. सहाव्यांदा घ्यायची काही गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी सहाव्यांदा घेतला.

गॅरेजात आल्यावर हरिओमने गाडी खालून काम करायला खणलेल्या खड्ड्यावर उभी केली आणि स्वतः खाली उतरला. चाक उचललं की दुखणं लपतं, म्हणून गाडी चाकांवरच उभी पाहिजे होती. खालून त्याचा आवाज आला. "बसा... उठा... बसा. जरा जोरात बसा. वजन किती तुमचं?"

"बाईमाणसाला वजन विचारतात?"

"मी कुठं इचारलं? गाडी इचारून राह्यली."

"बासष्ट. लिहून घ्यायला वही देऊ?"

"लिहायची गरज न्हाई," खालून हळूच उत्तर आलं. "ध्यानात राहील."

सीटवर बसल्या बसल्या तिचे कान तापले. पण कुतूहल त्याहून मोठं होतं. "मला बघायचंय," ती म्हणाली आणि टॉर्च घेऊन सरळ खड्ड्यात उतरली. हरिओम वर जाऊन डाव्या सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला. आणि तिला दिसलं. चाकाला गाडीशी बांधणारा लोखंडी आर्म, आणि तो जिथे गाडीला मिळतो तिथला रबरी बुश. वजन नसताना अगदी धडधाकट. वजन आलं की रबराची चीर उघडायची आणि लोखंड लोखंडावर आपटायचं.

"दिसलं! हरिओम, दिसलं!"

वरची उठबस थांबली.

"काय म्हणलात?"

"दिसलं म्हटलं."

"त्याच्या आधी?"

अक्षताने टॉर्च बंद केला. खड्ड्यातल्या अंधारात तरी हसता येत होतं.

शनिवारी जालन्याहून नवा आर्म आला, बसला, आणि गाडी मुकी झाली. घरी जाताना अक्षताला आनंद व्हायला हवा होता. पण आता गॅरेजवर जायला काही कारणच उरलं नाही, हे लक्षात आलं आणि तिचं मन खट्टू झालं.

रविवारी सकाळी दादा गिऱ्हाईक घेऊन आला. अक्षताला डाव्या सीटवर बसवून त्याने स्वतः गाडी चालवली. सगळे खड्डे घेतले. काहीच आवाज नाही.

"बघ! मी म्हणलो होतो. आवाज नव्हताच."

"दादा, काल तो काढला! बुश फाटला होता."

"फाटकं रबर कुठल्याबी गॅरेजात पडलेलं असतं. मिस्त्री काय, सांगतील ते." दादाने मान हलवली. "आवाज कुणी ऐकला? तुझ्याशिवाय कुणीच न्हाई. म्हंजे सापडला न्हाई. आता शब्द पाळ."

गिऱ्हाईक बॉनेटवरून प्रेमाने हात फिरवत होतं. गाडी इतकी छान चालते म्हटल्यावर त्याची तर घाईच झाली होती. अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. बरी केलेली गाडीच तिला खोटं पाडत होती. तिने हरिओमला फोन लावला.

रविवारी गॅरेज बंद असायचं, म्हणून सगळे बंद शटरसमोरच येऊन थांबले. हरिओम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला, कुठल्या तरी पाहुण्यांकडे निघालेला. सगळं ऐकून घेतलं आणि शटर वर ढकललं.

"दादा, तासभर बसा. जुना आर्म परत बसवतो."

"चांगलं केलेलं काम खोलणार?"

"हो."

"काहून?"

"मॅडमला आवाज आल्ता," हरिओम बाह्या सरसावत म्हणाला. "तुम्हालाबी यायला पाहिजे."

तासाभराने अक्षताने गाडी काढली. डाव्या सीटवर दादा होता. पहिला खड्डा. कट्. दादाची मान वळली. दुसरा खड्डा. कट्.

"परत घे," तो म्हणाला.

तिने परत घेतला. दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाकडे पाहिलं. "पाच महिने झाले तू सांगून राह्यलीस," तो म्हणाला, "आन् मी..." गॅरेजवर उतरल्या उतरल्या त्याने गिऱ्हाइकाला हात जोडले, "गाडी विकायची न्हाई," आणि चहा सांगायला कचरूच्या टपरीकडे निघून गेला.

हरिओमच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसची पाच बोटं उमटली होती.

"केलेलं काम खोललंत," अक्षता म्हणाली.

"पहिल्यांदाच."

"का?"

"तुम्हाला कुणी खोटं पाडलेलं मला बघवंना." तो पाना उगाच उलटासुलटा करत होता. "आन्... काल नवा आर्म बसला, तव्हा मला लई वाईट वाटलं. गाडी बरी झाली म्हणून मिस्त्रीला वाईट वाटतं का कधी? रातभर तेच कोडं."

"सुटलं?"

"सुटलं. सांगायची हिंमत होईना."

अक्षताने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "मग मी सांगते. मला तुम्ही आवडता, हरिओम. लग्न करायचं तर तुमच्याशीच, असं मी ठरवलंय. तुमचं काय?"

हरिओम मागे पडलेल्या एका टायरवर बसलाच. "माझं... माझं तर गुरुवारपासूनच हाय!"

मागे काच किणकिणली. रामकिसन चहाचे तीन ग्लास घेऊन उभा होता. किती ऐकलं कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावरून सगळंच ऐकलेलं दिसत होतं. अक्षता वळली. नजर खाली घालायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

"बराबर इचार केलास?" दादाने विचारलं.

"हो, दादा."

रामकिसनने बहिणीकडे पाहिलं, मग त्या मळलेल्या शर्टाकडे. मग चहाचा पहिला ग्लास हरिओमच्या हातात दिला.

"आधी नवा आर्म बसवा," तो म्हणाला. "मंग आईला सांगायला तिघं मिळून जाऊ."