फरासीणीची टाकी

चहा थंड होत होता म्हणून गोदावरीला बोलवायला निघालो. ती कुठं असणार हे ठाऊक होतं. चिखल्याला आमच्या खाणीच्या कॉलनीच्या फाटकाशी चबुतऱ्यावर जुनं वाफेचं इंजिन उभं आहे. माझी बायको रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसायची.

त्या इंजिनावर मी फायरमन होतो. फ्रान्सचं इंजिन, म्हणून आम्ही तिला फरासीण म्हणायचो. तिकडे ती शहराबाहेरच्या वस्त्यांतली माणसं सकाळी शहरात न्यायची, संध्याकाळी घरी पोचवायची. इथं खाणीच्या कामगारांची ने-आण करायची. पाण्याच्या टाक्या दोन्ही अंगांना, कोळसा पाठीशी. पुढं जाते तशीच मागं जाते, फिरवून तोंड बदलावं लागत नाही. टाकीत पाणी किती, ते मी बाहेरून हात लावून सांगायचो. पाणी असेल तिथवर लोखंडाला घाम सुटतो. ड्यूटी संपली की तिचं कढत पाणी बादलीत घेऊन घरी यायचो. आमचा योगेंद्र त्या पाण्यानं आंघोळ करायचा.

योगेंद्र जवानीत काविळीनं गेला, तुमसरच्या दवाखान्यात. एकुलता एक होता. त्याचा देह फरासीणच घेऊन आली. ती मागं मागं चालत होती. कोळसा मीच टाकत होतो.

घाटावर नेताना विसाव्याला तिरडी टेकवतात. मग डोक्याची बाजू पायाकडे फिरवून उचलतात. गेलेल्याला घराची वाट सापडू नये, म्हणून. गोदावरी विसाव्यापर्यंत धावत आली. “फिरवू नका,” म्हणाली. मी फिरवायला लावली. रीत ती रीत.

चहाला बोलवायला गेलो त्या संध्याकाळी फाटकापाशी धनीराम बसला होता, रुळांचे सांधे बदलणारा आमचा जुना पॉइंट्समन.

“काय मारोतराव, पॅसेंजर उतरवाले आले काय?”

“तू आधी सिग्नल पाड.”

गोदावरी उठली नाही.

“चहा झाला,” मी म्हणालो.

“हात लावून पाहा जी.”

“कायले?”

“पाहा तं...”

टाकीच्या तळाला मूठ जाईल एवढं भोक आहे. कित्येक वर्षांत तिच्यात थेंब नाही. उन्हं अजून चबुतऱ्यावर होती, कठडा तापलेला होता. मी हात ठेवला. लोखंड गार होतं. ओलं होतं. छातीच्या उंचीवर एक सरळ रेघ. रेघेखाली घाम, वर कोरडं.

“दव असंल.”

“या उन्हात?” ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. “पोळ्याले वरपर्यंत होतं. खर्चून राहिलं पाणी. रोज येते पोरगा... इथवर येते. पुढं घर सापडत नाही त्याले. फिरवला ना तुम्ही.”

“चल घरी.”

“पाणी सरलं तं कसा येईन जी तो?”

मी हात धोतराला पुसला. कोळशाचा आणि ओल्या वाफेचा वास गेला नाही.

“पाणी सरायच्या आधी मी जाईन,” ती म्हणाली. “हात धरून आणीन.”

दिवाळीनंतर तिनं अंथरूण धरलं. रोज एकच विचारायची, “कुठवर आहे जी?” मी पाहून यायचो. “आहे वीतभर,” सांगायचो. वीतभर नव्हतं.

ती गेली. विसाव्याला तिरडी टेकली. खांदेकरी जागा बदलू लागले.

“फिरवू नका,” मी म्हणालो.

“काहून जी?” धनीराम म्हणाला. “रीत आहे ना.”

“फिरवू नका म्हटलं ना.”

तशीच उचलली.

घाटावरून परतताना टाकीला हात लावला. तळापर्यंत कोरडी. हाताला नुसता गंज आला.

घरी चूल पेटलेली नव्हती. शेजारची पंचफुला दारात, दिव्यापाशी बसून होती.

“आंघोळीचं पाणी कोणं आणून ठेवलं जी?” तिनं हळूच विचारलं. “मी तं दारातच बसली आहो. कोणी आलं नाही...”

मोरीत माझी ड्यूटीची बादली होती. पत्र्याची, कडीला तार गुंडाळलेली. ती माळ्यावर टाकून वर्षं झाली होती. अर्धी भरलेली, वाफ निघत होती. पाण्यावर कोळशाची काळी कणी फिरत होती. फरशी ओली होती. कोणीतरी माझ्याआधी आंघोळ करून गेलं होतं.

उरलेल्या पाण्यानं मी आंघोळ केली.

तेरावं झालं. त्यानंतर मी फाटकाकडं गेलो नाही. दोघं घरी पोचले, आता तिकडं काय काम? काल धनीराम आला. त्याला मी टाकीचं कधी सांगितलेलं नाही.

“मारोतराव, पाणी नाही पाऊस नाही, अन् तुमच्या फरासीणीले घाम कायचा फुटला जी?”

जाऊन हात ठेवला. वरपर्यंत गार होती. काठोकाठ. आता पॅसेंजर मी एकटाच उरलो होतो.

माझ्या वेळी तिरडी फिरवायची की नाही, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.