शेंड्याचं तापमान

"डोळे नकोत का तुम्हाला?"

असं म्हणत त्यानं तिच्या तोंडापुढे काळी काच धरली आणि दुसऱ्याच क्षणी खोली पांढऱ्याशुभ्र उजेडानं भरून गेली. दारावरचा लाल दिवा तिनं पाहिलाच नव्हता. वर्षभर संगणकावर ज्याची आकडेमोड केली, तो विजेचा आर्क ती आज पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होती.

"किती देखणा आहे!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आभारी आहे."

"मी आर्कबद्दल बोलतेय."

"मीही त्याच्याच वतीनं बोलतोय," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

संस्थेत तिला सगळे गणितवाली म्हणत आणि त्याला आर्कवाला. संगणकात आर्क उभा करायचा, हे तिचं काम. वर धगधगता वायू, खाली टंगस्टनची कांडी आणि दोघांमध्ये केसाहूनही पातळ थर. वीज आणि उष्णता त्यातूनच इकडून तिकडे जायची. तो खऱ्या कांडीच्या शेंड्याचं तापमान, यंत्राच्या काचेतून दिसणाऱ्या उजेडावरून, कॅमेऱ्यानं मोजायचा. दोघांचे आकडे जुळले तरच तिचं मॉडेल पुढे जाणार होतं, नाहीतर विषय गुंडाळायचा, असं विभागाच्या सरांनी बजावलं होतं.

आणि आकडे काही केल्या जुळेनात! तिच्या गणितातला शेंडा त्याच्या मोजमापापेक्षा कितीतरी जास्त तापायचा. रोज दुपारी ती तणतणत प्रयोगशाळेत जायची, कडाकडा भांडायची आणि त्याच्या डब्यातलं अर्धं जेवण फस्त करून परत यायची. परतताना आपले गाल का तापलेले असतात, याचं गणित मात्र तिनं कधी मांडलं नाही.

शेवटी सरांनी पळवाट सुचवली. "त्या थरातला एक गुणांक जरा कमी कर. परवाच्या बैठकीपुरतं भागेल."

"आणि का कमी केला, असं विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारेन, सर."

सर कपाळाला हात लावून निघून गेले. ती मात्र हट्टाला पेटली. शेंडा खरंच एवढा तापत असेल, तर टंगस्टनची थोडी तरी वाफ व्हायलाच हवी. मग ती वाफ जाते कुठे? गार जागी जाऊन बसत असणार. गार जागा म्हणजे... कॅमेऱ्यासमोरची काच!

ती ताडकन उठली आणि पुन्हा खाली बसली. त्याचे आकडे अहवालात गेले होते, त्यांचं कौतुकही झालं होतं. त्याचं चुकलं म्हणून सांगितलं, तर तो पुन्हा बोलेल आपल्याशी? पण खोटे आकडे जुळवून त्याच्यासमोर हसत बसणं तिला जमणार नव्हतं. ती गेलीच.

"तुमची काच मळलीय."

"रोज पुसतो मी."

"बाहेरून—"

त्यानं आर्क विझवला. यंत्र गार झाल्यावर त्यानं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूनं पांढरं फडकं फिरवलं. फडकं करडं झालं. मळक्या काचेतून कॅमेऱ्याला उजेड कमी दिसत होता आणि शेंडा उगाचच गार ठरत होता.

"रागावलात?" तिनं हळूच विचारलं.

"स्वतःवर. या, काच साफ करून बसवू. पुन्हा मोजू."

नवे आकडे तिच्या गणिताला जवळजवळ येऊन टेकले. बैठकीत तो सगळ्यांदेखत उभा राहिला. "मोजमाप माझं चुकलं होतं. यांचं मॉडेल बरोबर आहे." सरांनी मान डोलावली. काम पुढे जाणार होतं.

बाहेर जिन्यात त्यानं तिला गाठलं. "माझी चूक सांगायला आलात, तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली ना! मॉडेल गेलं असतं तर दुसरं केलं असतं. पण तुम्ही बोलायचे थांबला असतात तर..."

"तर?"

"तर आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"आईचा काय संबंध?"

तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला, पण नजर खाली केली नाही. "तिला मी परवाच सांगून टाकलंय की मुलगा ठरला."

"आणि मुलाला?"

"आई म्हणाली, अगं बाई, त्याला तरी विचार."

तो हसत हसत पायरीवरच बसला आणि शेजारची जागा हातानं झटकत म्हणाला, "मग विचारा ना... मी केव्हाचा हो म्हणायला थांबलोय."