न रडणारी बाळं

"हेमांगी, पोरगी रडत कशी नाही गं तुझी? हे काही बरं लक्षण नाही."

नणंदेचं हे बोलणं हेमांगीनं हसण्यावारी नेलं होतं. वन्संच्या मुलानं तान्हेपणी अख्खी सोसायटी डोक्यावर घेतली होती. जळतायत, दुसरं काय! त्या गेल्यावर तिनं निहिरावरून मीठ-मोहऱ्या तेवढ्या उतरवून टाकल्या.

निहिराच्या छातीवर 'चाहूल' होती. नखाएवढी पारदर्शक पट्टी. आता प्रसूतिगृहातच लावून देत. बाळाचे ठोके, श्वास, घाम यांतले बारीक बदल टिपून ती आईच्या मनगटावरच्या पट्ट्याला कळवायची: भूक. झोप. ओलं. एवढेच तीन शब्द. बाळ कुरकुरण्याआधीच आई हजर! आठ महिन्यांत घरात रडणं म्हणून ऐकू आलं नव्हतं.

त्या दुपारी मनगट सारखं 'भूक' म्हणत राहिलं. हेमांगीनं पाजलं. पुन्हा भूक. पुन्हा पाजलं. निहिरा गुपचूप छताकडे बघत होती. संध्याकाळी मोजा काढला, तर पायाची करंगळी जांभळीशार. हेमांगीचाच गळलेला केस मोज्यात जाऊन बोटाभोवती आवळला होता.

डॉक्टरांनी केस कापला, बोट वाचलं. दुसऱ्या दिवशी ती निहिराला घेऊन बालमानसशास्त्रज्ञ डॉ. मृणाल शेट्ये यांच्यासमोर बसली.

"दुखलं असेल ना हो तिला?"

"खूप."

"मग रडली का नाही?"

"रडलं की कुणी येतं, हे तिला कुठे ठाऊक आहे? तिच्या जगात माणसं न बोलावताच येतात."

"म्हणजे... बुद्धीत काही कमी?"

"छे! ठोकळे बघा कशी लावतेय, वयाच्या पुढे आहे. चाहूल बनवणारे तेवढी हुशारीच मोजतात."

"पण मला कसं काही जाणवलं नाही? आईला कळतं म्हणतात."

"जन्मतः नाही कळत, बाई. अंतर्ज्ञान म्हणजे मेंदूनं आपल्याला न सांगता केलेला हिशेब. तो चुकून चुकूनच पक्का होतो. आई चुकते, बाळ भोकाड पसरतं, आई सुधारते. तुम्हाला चुकायची वेळच आली नाही."

"आता?"

"पट्टी काढा. आणि चुका, दोघीही. जमेल की नाही, ते मलाही माहीत नाही. इतक्या उशिरा कुणी शिकलेलं मी अजून पाहिलं नाही."

घरी येऊन तिनं पट्टी सोलून काढली. निहिरा समोर बसली होती. खायची वेळ टळली. तिचे ओठ हलले, हनुवटी थरथरली. आवाज फुटला नाही. झोप आली असेल? ओलं झालं असेल? पोट दुखत असेल? हेमांगी त्या चेहऱ्याकडे बघत राहिली, परक्या लिपीकडे बघावं तशी.

मग तिला आठवलं, याच मजल्यावर अजून तीन तान्ही बाळं आहेत. इथे लहान मुलं आहेत हे कळतसुद्धा नाही, असं सगळे कौतुकानं म्हणतात.

निहिराला कडेवर घेऊन, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना तिनं एका हातानं फोनवर लिहिलं: "तुमच्या शेजारी कधीच न रडणारं गुणी बाळ असेल, तर आत्ता उठा. बेल वाजवा. बाळ मजेत आहे, असं त्याची आई सांगेल. तिला खरंच तसं वाटत असेल. तरी आत जा, आणि बाळाला नीट बघा."