मनपट्टी निळी होते तेव्हा

कस्तुरीने पत्र्याच्या डब्यात पाणी भरलं आणि सुताच्या रिकाम्या कोनांनी रचलेल्या घरावर ते हळूहळू ओतायला सुरुवात केली, तशी मालनताईंच्या गळ्यातली पडद्याची छोटी पाटी थरथरली. पाटीवर कस्तुरीचं नाव निळं झालं होतं. मालनताईंनी पाटी पदराखाली सारली आणि टायरच्या ढिगाशी बसून दोरीची गाठ सोडवायला घेतली. गाठ कधीच सुटली होती. पण आपलं लक्ष नाही असं दाखवत लक्ष ठेवणं, हेच तर त्यांचं काम होतं.

नदीकाठच्या त्या यंत्रमागांच्या गावात, बंद पडलेल्या शेडमागे एका संस्थेचं हे खेळरान होतं. झोपाळे, घसरगुंड्या काही नाही. कोन, टायर, फळकुटं, जुन्या साड्या आणि माती. मालनताई तिथल्या खेळसोबती. खेळसोबतीने शिकवायचं नाही, पंच व्हायचं नाही, ऊठसूट शाबासकीही द्यायची नाही. सामान हाताशी ठेवायचं, जिवावर बेतेल असं काही घडू द्यायचं नाही, आणि पोरांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या डावात पाऊल टाकायचं नाही.

जाळीपलीकडचा युवाकट्टा जमीर मुजावर सांभाळायचा. मिसरूड फुटलेली पोरं, घरच्यांशी अबोला धरलेल्या मुली त्याच्याकडे यायच्या. तो शेजारी बसायचा, विचारायचा, ऐकून घ्यायचा, पुन्हा विचारायचा. दोन्ही फाटकांतून मूल आपल्या मर्जीने आत येई आणि मर्जीने बाहेर जाई, एवढं मात्र सारखं होतं. दोघांचा चहा एकत्रच व्हायचा आणि त्या चहावर भांडणंही.

हल्लीचं भांडण मनपट्टीवरून होतं. संस्थेने यंदा प्रत्येक मुलाच्या मनगटावर ही पट्टी बांधली होती. नाडी, श्वास, कातडीवरचा घाम यांवरून ती मनाचा अंदाज बांधायची आणि मोठ्यांच्या पाटीवर रंग पाठवायची. रमलेलं मूल हिरवं, बिनसलेलं पिवळं, मोठ्या माणसाची गरज असलेलं निळं. संस्थेचे साहेब खुशीत होते. कधी खेळू द्यायचं आणि कधी बोलायचं, हे पट्टीच सांगणार असेल तर दोन वेगळी माणसं हवीत कशाला, असं त्यांनी परवाच बोलून दाखवलं होतं.

"ताई, आठवडाभर निळी हाय पोरगी," जमीर जाळीपाशी येऊन हळूच म्हणाला. "तेराची झाली. आता माझ्याकडं द्या."

"द्या म्हणजे? बोचकं हाय व्हय ती? खेळत्या, खेळू दे की."

"आन् खेळून खेळून आतल्या आतच कुढत बसली तर?"

गेल्या पुरात वडील वाहून गेल्यापासून कस्तुरीने तोंडात गुळणी धरली होती. शाळेत नाही, घरात नाही, कुठेच शब्द नाही. जितके दिवस जातील तितकं हे मुकेपण घट्ट होत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची आई रोज फाटकाशी उभी राहून मालनताईंच्या तोंडाकडे बघायची.

तेवढ्यात पाटी पुन्हा थरथरली. आता साहेबांचा आवाज होता. "निळ्या मुलाजवळ अजून कुणी गेलेलं दिसत नाही."

इतकी वर्षं जपलेली शिस्त त्या क्षणी मालनताईंनी मोडली. त्या उठल्या, पाण्यात बुडणाऱ्या घराशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं, बाळ?"

कस्तुरीचा हात थांबला. तिने डबा खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मालनताईंना अन्न गोड लागेना. पोरीने एकच जागा आपली मानली होती आणि तिथेही आपण मोठ्या माणसासारखे घुसलो, हे त्यांना स्वतःला माफ करता येईना.

शेवटी एका दुपारी त्यांनी स्वतःच कोन गोळा केले आणि घर रचायला घेतलं. कोणाला दाखवायला नव्हे. भिंत वाकडी झाली, छप्पर दोनदा पडलं. मग डबा भरून त्यांनी दारातून पाणी सोडलं.

जाळीपलीकडे, कट्ट्याच्या पायरीवर, कस्तुरी कधी येऊन बसली ते फक्त जमीरने पाहिलं. प्रश्न त्याच्या जिभेवर आला होता. त्याने तो गिळला आणि तो दोन पायऱ्या सोडून गप बसला. आयुष्यात त्याला एवढं कठीण काही वाटलं नसेल.

"तसं न्हवं."

आवाज घोगरा, न वापरलेला होता. मालनताईंनी मान वर केली नाही.

"पाणी दारातनं न्हाई आलं. आधी न्हाणीतनं आलं."

कस्तुरी जाळीच्या फटीतून आत आली. जमीरही उठून तिच्यामागे आला, चार हात दूर थांबला. तिने मालनताईंच्या हातातून डबा घेतला, घराच्या मागच्या बाजूला एक कोन आडवा लावून न्हाणी केली आणि तिथून पाणी सोडलं. मग एक लाल कोन छपरावर ठेवला. "हे बाबा. आम्हाला नावंत बसवलं आन् म्याऊ मांजरीला आणाय माघारी गेले."

मालनताईंचे डोळे भरून आले. गळ्यातली पाटी थरथरत होती, नाव गडद निळं होतं आणि त्याखाली प्रश्न उमटला होता : मूल खेळत आहे की बोलत आहे? एक पर्याय निवडा.

त्यांनी जमीरकडे पाहिलं. तोही आपल्या पाटीवरचा तोच प्रश्न वाचत होता. दोघांपैकी कुणाचंच बोट हललं नाही. प्रश्न मिटला आणि पुन्हा उमटला.

कस्तुरीने पाण्याने चिखलात कोसळलेलं घर दोन्ही हातांनी बाजूला केलं, कोन पुसले, पुन्हा एकावर एक रचले. भरलेला डबा तिने मालनताईंच्या हातात दिला आणि लाल कोन जमीरच्या. मग आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं,

"ह्या डावाला बाबांना वाचवायचं काय?"