तारा उतरवल्यावर

वाद्यं दुरुस्त करण्यात माझी पन्नास वर्षं गेली, पण घरातल्याच मँडोलिनला हात लावायला मला कधी सवड झाली नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीचं. त्याचा टेलपीस, म्हणजे चार जोड्यांतल्या आठ तारांची टोकं अडकवायची खालची पट्टी, पातळ पत्र्याचा होता. जोरात वाजवलं की खुळखुळायचा आणि तिच्या बाहीचे दोरे ओढायचा.

"दिव्याखाली अंधार तो हाच," ती म्हणायची. "जगाची वाद्यं बरी होतात, बहिणीचं मेलं खोकतंच."

"लावते गं नवीन. पुढच्या आठवड्यात."

असे पुढचे आठवडे अकरा वर्षं चालले.

मग ती दवाखान्यात गेली. दोन महिने झाले. रविवारी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला.

"ताई, शुक्रवारी सोडतायत मला. आल्या आल्या वाजवणार. तेवढा टेलपीस बदल ना आता."

मी ओतीव पितळेचा, चांगला वजनदार टेलपीस आणला आणि गुरुवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारांना उचलून धरणारा लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावरच उभी असते, तारा निघाल्या की कलंडते. म्हणून तिच्या पायांभोवती पेन्सिलने खूण केली आणि एकेक खुंटी सैल करत आठही तारा उतरवल्या.

घोडी पडली नाही.

इतक्या वर्षांच्या घामाने, धुळीने चिकटली असेल. अंगठ्याने ढकलली, हलली नाही. वरून हात फिरवला, हवेत काहीच नव्हतं. म्हटलं, नंतर बघू. जुना पत्रा काढला, नवा टेलपीस बसवला, स्क्रू पिळले. मग सवयीने लाकडावर टिचकी मारली.

ठक् आवाज यायला हवा होता. तारेचा सूर आला. स्वच्छ, जोडतारेचा, बराच वेळ रेंगाळणारा. कुठेही खुळखुळ नाही.

तो विरला आणि दुसरा आला. तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मला भीती वाटली नाही, याचं आज नवल वाटतं. लहानपणी तिची वेणी घालताना ती अशीच चुळबुळ करायची. तेव्हाचंच वाक्य तोंडातून गेलं, "थांब गं जरा. झालंच."

पहिली तार उचलली.

घोडी अलगद कलंडली.

घड्याळात तीन वीस झाले होते. तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा तार माझ्या हातातच होती.

"ताई, गेली हो ती. आत्ताच. दुपारभर डावी मूठ आवळून बसली होती. नर्सला बोटं सोडवेनात. मग एकदम आपणच सोडली."

मी गेले. चादरीवरचा तिचा डावा हात हातात घेतला. दोन महिन्यांत तारांचे घट्टे जाऊन तिची बोटं लहान मुलासारखी मऊ झाली होती, रविवारीच जाणवलं होतं.

आता चारही बोटांच्या टोकांवर चरे होते. दोन-दोन, जवळजवळ, खोल. अजून लाल.