सही न करणारा तपासनीस

"मामा, तेराचा पाना दे. आणि हात जरा लवकर चालव!"

यंत्राखाली पाठीवर पडून ठिणगीने हात बाहेर काढला. पाना पडला हातात, पण चौदाचा.

"तेराचा म्हटलं ना! कानात बोळे घातलेस का?"

"तेराचा बसणार नाही. नट चौदाचा आहे," वरून आवाज आला. अनोळखी… आणि मेला बरोबरही.

ती सरपटत बाहेर आली तर समोर पांढऱ्या शर्टातला तपासनीस! हिच्या गालाला ग्रीस, केसांत पत्र्याचा कीस, आणि हा बाबा हसू दाबतोय. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं तिला.

पुठ्ठा कापायचं ते यंत्र तिच्या आईच्या कारखान्याचं, युरोपात जाणारं पहिलंच. आज सोमवार, शुक्रवारी चारला कंटेनर निघणार. सुरक्षेचं प्रमाणपत्र नसेल तर तिकडे कुणी यंत्राला हात लावणार नाही. म्हणजे गिऱ्हाईक गेलं आणि बाजारात आईची पतही गेली. सगळी वायरिंग ठिणगीच्या हातची, त्यामुळे जीव टांगणीला तिचाच.

त्याने चालत्या यंत्राचं जाळीचं दार उघडलं. पातं जागच्या जागी थांबलं. पुन्हा उघडलं, पुन्हा थांबलं. आईची मान ताठ झाली. पण तो दाराच्या स्विचपाशी वाकला तो वाकलाच. दाराला बसवलेली किल्ली त्या स्विचच्या खाचेत शिरली तरच यंत्र चालायचं. खाचेच्या कडेला ओरखडे होते.

"इथे दुसरी किल्ली घालता का कधी?"

"असले धंदे आमच्याकडे चालत नाहीत, साहेब," आई म्हणाली.

तो ठिणगीकडे बघत राहिला. शांत डोळे… त्यापेक्षा ओरडला असता तर परवडलं असतं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. जीभ वळेना.

"घालतो," ती म्हणाली. "मीच कापलीय पत्र्याची. कपटे अडकले की दार उघडं ठेवून पातं हलवावं लागतं."

आईने तिला नजरेनेच उभी चिरली.

त्याने कागदावर 'नापास' लिहिलं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही खरं बोललात… म्हणून जास्त वाईट वाटतंय."

"वाटू द्या. उपाय सांगा."

"सांगितला तर मला तपासता येणार नाही. सांगणारा वेगळा, तपासणारा वेगळा, असा नियम आहे."

"म्हणजे नुसतं उभं राहून बघणार?"

"बघायला… नियमात काही म्हटलेलं नाही." आणि त्याचे कान लाल झाले.

तीन दिवस ठिणगीने पाठ टेकली नाही. जुना स्विच उपटून फेकला. नवा बसवला, तो दारातल्या आपल्या जोडीदार चुंबकाशिवाय कुणालाच दाद देईना. कपट्यांसाठी दोन बटणं लावली. दार उघडं असताना दोन्ही हातांनी ती दाबून धरली, तरच पातं गोगलगायीसारखं सरकायचं. एक हात सुटला की ठप्प! बोटं पात्याखाली जाणार कुठून?

गुरुवारी तो आला. तिने सगळं चालवून दाखवलं. तो हात मागे बांधून उभा. ना पेन काढलं, ना कागद.

"फार चोख केलंय," तो म्हणाला. "पण सही मी करणार नाही."

"का म्हणून?" आई कडाडली. "पोरीने रक्त आटवलं, आणि तुम्ही काय खेळ लावलाय?"

"सहीच्या वर एक ओळ असते, काकू. या कारखान्यात कुणाशी माझा संबंध नाही, असं लिहून द्यावं लागतं." तो ठिणगीकडे वळला. "सोमवारपासून… ते खोटं ठरेल."

मामाच्या हातातली कानस थांबली. आईचं तोंड उघडलं ते उघडंच!

"आणि कंटेनर?" ठिणगीला एवढंच सुचलं. वर बघायचं धाडस होईना.

"उद्या अकराला आमच्या मोठ्या बाई येतील. सकाळीच सांगून ठेवलंय. माझ्यापेक्षा कडक आहेत… माझ्यामुळे तुमचं काही हुकलं तर—" वाक्य अर्धंच टाकून तो निघून गेला.

बाई आल्या त्या न हसताच. स्विच फसतो का म्हणून पत्रा घालून बघितला, लोहचुंबक लावून बघितलं, चिकटपट्टी लावून बघितली. बटणावरचा एक हात दहा वेळा काढून बघितला. अडीच तास! आईने तेवढ्यात पदराचं टोक चावून चावून चोळामोळा केलं. दीड वाजता बाईंनी सही ठोकली.

ठिणगी तशीच फाटकाकडे पळाली. तो समोरच्या फुटपाथवर उभा होता, सकाळपासून.

"झालं?"

"झालं! आता सांगा, ऑफिसात काय लिहून दिलंत? संबंध कसला?"

"लिहिलं… 'एका बाजूने आहे. दुसऱ्या बाजूला अजून विचारलेलं नाही.'"

"अख्ख्या ऑफिसला कळलं, आणि मला सगळ्यात शेवटी?"

"चुकलंच."

"मग विचारा की! इथे ट्रक यायच्या आत."

त्याने विचारलं. एवढे नियम तोंडपाठ असणारा माणूस, पण तीन वेळा अडखळला. ती मात्र एकदाही अडखळली नाही. "हो" म्हणाली, आणि मागून आईचा आवाज आला:

"ठिणगे! त्याला उन्हात कशाला उभा केलायस? आत ये म्हणावं. आता कुठला नियम आडवा येतोय?"